गरगरणं, अंधारी की तोल जाणं? कानातल्या तोलाच्या बिघाडावर घरी करायचे व्यायाम

डॉक्टरांपुढं बसून नुसतं 'चक्कर येते' म्हटलं की निम्मा घोळ तिथंच होतो. आपल्याकडं या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. बेळगावच्या दवाखान्यात कन्नड बोलणाऱ्या सिस्टरनं 'तलि तिरगतैतेनु?' असं विचारलं की आपण 'हौद्री' म्हणून मोकळे होतो, आणि केसपेपरवरही तेवढंच उतरतं. मग बीपीची, पित्ताची, मणक्याची अशा तिन्ही गोळ्या घेऊन माणूस घरी येतो, आणि पुढची कूस बदलली की पुन्हा घर फिरतं.

म्हणून आधी शब्द सुटे करा. भिंती, छत, पंखा प्रत्यक्ष फिरताना दिसत असेल तर ते गरगरणं. त्याचा संबंध बहुतेक वेळा आतल्या कानाशी. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर बीपी, साखर, रक्त कमी असणं हे आधी पाहायचं. बसलं की काहीच नाही, पण चालायला लागलं की पाय इकडंतिकडं पडतात, हा तोल जाण्याचा प्रकार. यात कान, पायांच्या नसा किंवा मेंदू कुठलंही असू शकतं. आणि डोकं हलकं, तरंगल्यागत वाटणं हा चौथा. तो पुष्कळदा जुन्या कानाच्या आजाराची शेपूट म्हणून मागं उरलेला असतो, कधी काळजीतून, कधी औषधांतून येतो.

गरगरणं असेल तर ते किती वेळ टिकतं हे घड्याळ लावून बघा. आजाराचं नाव निम्मं तिथंच कळतं.

अंथरुणात कूस बदलली, फळीवरचा डबा काढायला मान वर केली, दोरीवर कपडे वाळत घातले, आणि एक मिनिटाच्या आत सगळं थांबलं, तर बहुधा कानातले बारीक खडे जागा सोडून सरकलेत. २० मिनिटं ते १२ तास चालणारा झटका, त्यात कान भरल्यागत होणं, घूं आवाज, ऐकू कमीजास्त होणं, हे मेनिएर नावाच्या आतल्या कानाच्या आजाराचं लक्षण. सलग एकदोन दिवस किंवा जास्त, न थांबणारं गरगरणं आणि उलट्या, पण ऐकू नीट येतंय, तर तोलाच्या नसेला आलेली सूज; त्यात ऐकूही गेलं तर सूज आतल्या कानापर्यंत पोचलेली. गरगरत काहीच नाही, पण चालताना समोरची पाटी उड्या मारते आणि अंधारात पाय ठेवता येत नाही, तर दोन्ही कान अधू झालेले असू शकतात, म्हणजे ऐकण्यात नव्हे, तोल सांभाळण्यात. जेंटामायसिन किंवा टीबीसाठीच्या स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनंतर हे होतं. कुठलं इंजेक्शन किती दिवस घेतलं त्याचा जुना कागद घरात असेल तर तो दवाखान्यात न्यायचाच. अर्धशिशीतूनही गरगरतं, त्यात डोकं दुखायलाच हवं असं नाही, पण उजेड आणि आवाज नकोसा होतो.

व्यायामाच्या आधी ही यादी वाचा

गरगरण्यासोबत जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं, गिळता न येणं, धरूनसुद्धा उभं राहता न येणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, एकाएकी एका कानानं ऐकू न येणं, यातलं एक जरी असलं तरी व्यायाम, लिंबू-सरबत, देवाचा अंगारा सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कणकुंबीकडच्या गावातून बेळगाव गाठायचं म्हणजे त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो, म्हणून 'सकाळी बघू' हे चालत नाही. शेवटचं नीट कधी होतं ती वेळ लिहून सोबत न्या. डॉक्टर तेच पहिलं विचारतात.

बाकीच्यांनी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून निदान करून घ्यावं. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आणि केएलई संस्थेचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल या दोन्ही ठिकाणी हा विभाग आहे, आणि फिजिओथेरपीही. निदानाशिवाय व्यायाम सुरू केले तर होणारा तोटा सरळ आहे: खडे सरकलेल्या माणसाला महिनाभर मान हलवायचे व्यायाम करून काही होत नाही, त्याला पाच मिनिटांची एक कृती हवी असते. आणि नसेला सूज आलेल्या माणसाला ती कृती शंभरदा केली तरी उपयोग नाही.

खडे सरकले असतील तर

आतल्या कानात एका छोट्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे कण चिकटलेले असतात, चुन्याच्या बारीक कणीसारखे. ते सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत गेले की मान वळवल्यावर नळीतलं पाणी ढकलत राहतात, आणि मेंदूला वाटतं डोकं अजून फिरतंय. यात औषधानं होण्यासारखं काही नाही. खडे आले त्या वाटेनं परत पिशवीत उतरवायचे, एवढंच काम.

कुठल्या बाजूचा कान, हे आधी ठरवावं लागतं. मान उजवीकडं वळवून झटकन आडवं झाल्यावर गरगरलं तर उजवा, डावीकडं वळवून झाल्यास डावा. सगळ्यात जास्त वेळा मागची नळी बिघडते, आणि तिच्यासाठी खालची कृती आहे. सपाट झोपून दोन्ही कुशींवर वळताना सारखंच जोरात गरगरत असेल तर आडवी नळी असू शकते. तिची कृती वेगळी, ती दवाखान्यातच करून घ्या. पहिली खेप कुणाचीही दवाखान्यातच व्हावी. मानेचं ऑपरेशन झालेले, संधिवातानं मान धरलेली, डोळ्याचा पडदा नुकताच सुटलेला, मानेच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असलेले, यांनी घरी करायचीच नाही.

उजव्या कानासाठी, कॉटवर (डाव्यासाठी बाजू उलट्या):

१. पाय लांब करून बसा. मागं उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नाही. इथंच बहुतेक जण चुकतात. तोंड उजवीकडं ४५ अंश वळवा, म्हणजे नाक समोर आणि खांदा यांच्या बरोबर मध्ये.

२. मान तशीच ठेवून पटकन आडवे व्हा. डोकं उशीच्या पलीकडं किंचित मागं झुकलं पाहिजे. काही सेकंदांनी गरगरायला लागेल. डोळे उघडे ठेवा. थांबल्यावर आणखी ३० सेकंद तसेच पडून राहा.

३. डोकं न उचलता, उशीपलीकडंच ठेवून, ९० अंश डावीकडं फिरवा. आता डावा कान खाली. ३० सेकंद.

४. आता आख्खं अंग डाव्या कुशीवर घ्या आणि नाक जमिनीकडं न्या, कॉटखाली पडलेलं काही बघावं तसं. ३० सेकंद. इथं पुन्हा एकदा गरगरलं तर घाबरू नका, खडे पुढं सरकताहेत.

५. हनुवटी छातीकडं दाबून, पाय डाव्या बाजूनं खाली सोडत उठून बसा. दोन मिनिटं हलू नका.

पाचव्या पायरीला घरातलं कुणीतरी समोर उभं हवं. खडे पिशवीत पडतात त्या क्षणी कधी कधी अंगाला एकदम धक्का बसल्यागत होऊन माणूस पुढं कोसळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये डोकं उचललं तर वर चढलेले खडे घरंगळून पुन्हा मूळ जागी येतात, आणि 'करून बघितलं, काय उपयोग नाही' असं होतं.

ज्या स्थितीत गरगरत होतं तिथं एक पूर्ण दिवस काहीच झालं नाही की थांबा. झालंच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तीन-चार दिवसांत फरक नसेल तर कान किंवा नळी चुकली आहे असं समजून परत दाखवा. नंतर दोन दिवस बसून झोपा, मानेला पट्टा बांधा हे जुने सल्ले आता देत नाहीत. त्यानं काही फरक पडत नाही असं दिसलं आहे. हा त्रास परतून येऊ शकतो. वरचेवर होत असेल तर रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासा. ते कमी असलेल्यांत भरून काढल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण घटलं, असं कोरियातल्या २०२० सालच्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं.

ज्यांना मान मागं टाकणं जमत नाही किंवा मदतीला माणूस नाही, त्यांच्यासाठी साधा पर्याय: कॉटच्या कडेला बसा, तोंड डावीकडं ४५ अंश वळवा, पटकन उजव्या कुशीवर पडा म्हणजे नाक छताकडं राहील, ३० सेकंद थांबा, उठून ३० सेकंद बसा, मग तोंड उजवीकडं करून डाव्या कुशीवर. दोन्ही बाजू मिळून एक फेरी, अशा पाच फेऱ्या, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. वरच्या कृतीपेक्षा गुण येण्याची खात्री कमी.

कान अधू झाला असेल तर

इथून पुढं खरं लांबचं काम. नसेला सूज येऊन गेल्यावर एक कान पूर्वीसारखा कामाचा राहीलच असं नाही, तरी माणूस नीट होऊ शकतो, कारण मेंदू उरलेला कान, डोळे आणि पावलं यांचा नवा हिशेब बसवतो. तो हिशेब चूक दिसल्याशिवाय बसत नाही. मान हलली आणि समोरचं थोडं पुसट झालं, ती चूक मेंदूला दिसली, तरच तो पुढच्या खेपेला डोळे जास्त वळवतो. म्हणून पडून राहणाऱ्याचा त्रास लांबतो. कावड खांद्यावर असल्यागत मान ताठ धरून चालणाऱ्याचा तर फारच लांबतो, शिवाय त्याची मान दुखायला लागते, मग एक्स-रेमध्ये चाळिशीनंतर पुष्कळांच्या मणक्यात दिसते ती झीज दिसते, आणि गळ्यात पट्टा पडतो. पट्ट्यानं मान आणखी हलायची बंद. या एका फेऱ्यात कितीतरी माणसं वर्षानुवर्षं अडकतात.

असे व्यायाम पहिल्यांदा १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी, डोक्याला आणि कानाला मार बसलेल्यांसाठी बसवले. पुढं त्यात बरीच भर पडली. आज सगळ्यात कामाचा मानला जातो तो अक्षराचा व्यायाम.

एका पोस्टकार्डावर काळ्या पेननं पाऊण सेंटीमीटर उंचीचा 'ळ' काढा. बेळगावातला 'ळ'. हे अक्षर मुद्दाम: याला शेजारी शेजारी दोन गोळे आहेत, आणि दृष्टी हलली की ते एकमेकांत मिसळून डाग दिसतो, म्हणजे अक्षर 'दिसतंय' की 'स्पष्ट दिसतंय' हे स्वतःलाच फसवता येत नाही. कार्ड डोळ्यांच्या उंचीवर, हात लांब करून धरा किंवा भिंतीला चिकटवा. चष्मा त्या अंतराचा जो असेल तो लावून. आता 'नाही, नाही' म्हणताना हलते तेवढीच मान डावीउजवीकडं हलवा, २० ते ३० अंश, जास्त नको. खांदे हलता कामा नयेत. भिंतीला पाठ टेकून बसलात तर खांदे हलले की लगेच कळतं. नजर 'ळ' वरून सोडायची नाही.

वेग मोबाइलवरच्या मेट्रोनोमनं, म्हणजे ठरावीक वेगानं टकटक ठोके देणाऱ्या ॲपनं मोजा. एका ठोक्याला डावीकडं, पुढच्याला उजवीकडं. मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात. दोन्ही गोळे वेगळे दिसतात तोवर दर दोन दिवसांनी १० ठोके वाढवा; डाग झाला की १० कमी करा आणि तिथं मुक्काम. हळूहळू १८० ते २४० पर्यंत जायचं आहे. लोक ६० वरच समाधान मानतात, आणि तेच चुकतं: एवढ्या सावकाश हालचालीत डोळे नुसता अक्षराचा पाठलाग करून भागवतात, कानाला काम लागतच नाही. याच कारणानं, मान स्थिर ठेवून फक्त बुबुळं फिरवायचे व्यायाम या आजारासाठी निरुपयोगी आहेत, मोबाइलवरच्या व्हिडिओत कितीही छान दिसोत.

एका वेळी एक मिनिट डावीउजवीकडं, थांबून श्वास, मग एक मिनिट वर-खाली. आजार ताजा असेल, म्हणजे तीन महिन्यांच्या आतला, तर दिवसातून किमान तीन वेळा, मिळून १२ मिनिटं तरी. जुना असेल तर तीन ते पाच वेळा, मिळून २० मिनिटं, चार ते सहा आठवडे. दोन्ही कान अधू असतील तर २० ते ४० मिनिटं, आणि आठवडेही जास्त. सकाळी एकदम अर्धा तास उरकणं म्हणजे आठवड्याचं जेवण रविवारी जेवण्यासारखं.

जमलं की कठीण करायचं, पण एका वेळी एकच गोष्ट. बसून, मग उभं राहून. पाय लांब, मग जुळवून. हाताच्या अंतरावरचं कार्ड, मग दोन-तीन मीटरवर भिंतीला. मग मागं कोरी भिंत न ठेवता चौकडीची चादर टांगा आणि कार्ड त्यावर टाचा. पहिल्याच मिनिटाला कळेल की हा प्रकार वेगळा आहे. शेवटी सोप्यातून परसाकडं चालत जाताना. त्याहून पुढं कार्ड हातात धरून मानेच्या उलट दिशेला हलवायचं. हे सगळ्यांना लागत नाही.

मात्रा कशी ठरवायची

शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे उलटी होईल असं, या पट्टीवर व्यायामाआधीचा आकडा घ्या. व्यायामानं तो दोन-तीननं वाढला पाहिजे आणि १५-२० मिनिटांत मूळ जागी आला पाहिजे. वाढलाच नाही तर व्यायाम फार सोपा झालाय. तासाभरानंही खाली आला नाही तर पुढच्या खेपेला वेग किंवा वेळ निम्मा. रोजचे आकडे कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळेच म्हणतात की व्यायामानं चक्कर वाढली, आणि सोडणारे तिथंच सोडतात. कॅलेंडरवरचे आकडे बघितले की दिसतं, वाढते ती अर्ध्या तासापुरती. सकाळचा, व्यायामाआधीचा आकडा उतरत आलेला असतो.

नेहमीच्या कामातली ठरावीक हालचाल त्रास देत असेल, समजा वाकून केर काढणं किंवा मागावर खाली वाकून तुटलेला धागा जोडणं, तर तीच हालचाल व्यायाम म्हणून घ्या. वाका, सरळ व्हा, आकडा खाली येईपर्यंत थांबा, पुन्हा. पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. खडे सरकल्याचा संशय असेल तर मात्र आधी वरची कृती.

तोलाचे व्यायाम, वाकळ घेऊन

घरातल्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहा, दोन्हीकडं भिंत, पुढं जड खुर्ची. आता कुणीकडंही तोल गेला तरी पडणं नाही. अशी जागा केल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत.

पाय जुळवून उभं राहणं ३० सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढं. मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत. प्रत्येक पायरी आधी डोळे उघडे, मग मिटून. एका पायरीवर तीनदा ३० सेकंद निघाले की पुढची. फरशीवर सगळं जमलं की जुनी वाकळ चौपदरी घडी करून पायांखाली घ्या आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून. मऊ वाकळीवर तळपायांची बातमी खोटी ठरते, डोळे मिटले की दृष्टीही गेली. उरतो फक्त कान, आणि त्यालाच कामाला लावायचं आहे. रोज २० मिनिटं, चार ते सहा आठवडे; दोन्ही कान गेलेल्यांना सहा ते नऊ. दोन्ही कान पूर्ण गेले असतील तर मऊ गादीवर डोळे मिटून उभं राहणं कधीच जमणार नाही, त्याचा हट्ट धरू नका. मधुमेहानं तळपाय बधिर झालेल्यांनीही हा भाग फिजिओथेरपिस्टसमोरच करावा.

आधार सोडायचीही पद्धत आहे. आधी पूर्ण तळवा खुर्चीवर, मग दोन बोटं, मग एकच बोट, तेही दाब न देता नुसतं टेकवून. एका बोटाच्या स्पर्शानंही शरीराला जागेची खबर मिळते, वजन टाकावं लागत नाही. त्यानंतर हात खुर्चीच्या वर अधांतरी. तळव्यावरून एकदम हात सोडणारे घाबरतात आणि पुन्हा दोन्ही हातांनी धरतात.

चालताना: दहा पावलं, दर तिसऱ्या पावलाला मान उजवीकडं, मग डावीकडं, मग वर, खाली. पावलं वाकडी पडतील. पडू देत, फक्त रुंद पडवीत किंवा भिंतीलगत करा.

गोळ्यांबद्दल

स्टेमेटिल म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, किंवा सिनॅरिझिन, या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या उलट्यांसाठी ठीक. त्यापुढं घेतल्या तर त्या मेंदूला ती चूक दिसूच देत नाहीत, म्हणजे शिकणं थांबतं. व्यायामाआधी 'चक्कर येऊ नये म्हणून' गोळी घेणं म्हणजे वहीवर काळं फडकं टाकून अभ्यासाला बसणं. वयस्कर माणसांत या महिनोन् महिने चालल्या तर हात थरथरणं, चाल मंदावणं असा कंपवातासारखा त्रास होतो. औषध दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून आणणं बंद करा, पण वर्षभर चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं एकदम तोडूही नका. कमी कशी करायची ते डॉक्टरांना विचारा.

मेनिएरवाल्यांनी झटका चालू असताना व्यायाम करायचे नाहीत. त्या वेळी पडून राहणंच बरोबर. झटक्यांच्या मधल्या काळात तोल जात असेल तेव्हा हे व्यायाम कामाला येतात. त्यांना मीठही आवरावं लागतं, आणि आपल्याकडं ते भाजीत कमी, लोणचं, पापड, सांडगे, खर्डा आणि वाळल्या मासळीत जास्त असतं. भाजी अळणी करून खर्ड्याबरोबर खाल्ली तर हिशेब तोच राहतो.

घराबाहेर

घरात ठीक आणि बाजारात पाय टाकला की जमीन हलते, ही तक्रार फार जणांची. कान दुबळा झाल्यावर मेंदू डोळ्यांवर जास्तच विसंबतो, आणि गर्दीत डोळ्यांपुढचं सगळंच हलत असतं. टाळलं तर वाढतं. पायऱ्या पाडा: पहाटे किल्ला तलावाच्या काठानं चालणं, मग रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून दहा मिनिटं येणारी-जाणारी वाहनं बघणं, मग दुकानं उघडायच्या वेळेला गणपत गल्लीतून एक फेरी, शेवटी संध्याकाळी खडेबाजार. प्रत्येक पायरीवर आठवडाभर. दूरच्या एका स्थिर गोष्टीवर, दुकानाच्या पाटीवर किंवा खांबावर, मधूनमधून नजर टेकवा. पायांकडं बघत चालू नका.

बसमध्ये पुढच्या बाजूला बसा, बाहेर लांब बघा, मोबाइल खिशात. चोर्ला घाटाची वळणं पहिल्या महिन्यात नकोत. रात्रीचं जागरण, ताप, लांबचा प्रवास, उपास आणि कमी पाणी यानं बसलेला हिशेब विस्कटतो आणि जुनं गरगरणं चार दिवसांसाठी परत येतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्रभर जागल्यावर किंवा सौंदत्तीच्या यात्रेहून आल्यावर असं झालं तर नवा आजार समजू नका. अक्षराचा व्यायाम खालच्या वेगापासून पुन्हा सुरू करा, या खेपेला लवकर बसतं.

घरात न्हाणीत दांडी बसवा, कॉटपासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा ठेवा, आणि वीज जाते हे धरून उशाशी बॅटरी. एकाच काचेत दोन नंबर असलेला चष्मा जिना उतरताना पायरी चुकवतो; उतरताना लांबचा वेगळा चष्मा असेल तर बरा. बरं वाटेपर्यंत विहिरीच्या काठावर, झाडावर, माळ्यावर, शिडीवर जायचं नाही, आणि तळ्यात पोहायचं नाही: दोन्ही कान अधू असले की पाण्याखाली वर कुठं हेच कळत नाही.

खानापूर भागातल्या शेतकऱ्यांची खरी परीक्षा भाताच्या बांधावर असते. अरुंद, ओला, दोन्हीकडं पाणी आणि डोक्यावर खोळ. ही पायरी अगदी शेवटची. फरशीवर टाचेला अंगठा लावून वीस पावलं न अडखळता निघाली की कोरड्या, रुंद बांधावर, दिवसा, मोकळ्या हातांनी चाला. मग तिथंच मान वळवत. मग ओल्या बांधावर काठी घेऊन. भारा डोक्यावर घेणं त्यानंतर किमान दोन आठवड्यांनी, कारण भाऱ्याखाली मान हलत नाही आणि पायाखालचंही दिसत नाही. अंधार पडल्यावर बांधावरून नको, रस्त्यानं वळसा घालून या.

दुचाकीसाठी साधी कसोटी ठेवा. उभं राहून झटकन उजव्या खांद्यावरून मागं बघा, लगेच समोर बघा आणि समोरच्या पाटीवरची ओळ वाचा. असं डावीउजवीकडं पाच पाच वेळा. एकदाही ओळ पुसट झाली किंवा पाय सरकावा लागला, तर किल्ली अजून खुंटीलाच राहू दे.